गावच्या दफ्तरांतून ज्यू शेजाराचा शोध: स्टुटगार्ट ते बाड बुखाउ

सोमवार, स्टुटगार्ट

नैर्ऋत्य जर्मनीत ज्यू वस्तीचा इतिहास शोधायचा तर शहरांपेक्षा खेड्यांकडे जावे लागते. व्युर्टेमबेर्गच्या ड्यूकांनी १५व्या शतकाच्या अखेरीस ज्यूंना आपल्या मुलखातून हद्दपार केले. आजूबाजूच्या लहानसहान जहागीरदारांनी मात्र त्यांना ठेवून घेतले, अर्थात दरवर्षी संरक्षणाचा कर वसूल करून. संरक्षणाच्या या करारपत्राला 'शुट्सब्रीफ' म्हणतात. नेपोलियनच्या काळात या जहागिऱ्या व्युर्टेमबेर्गच्या राज्यात विलीन झाल्या आणि गुरांचे व्यापारी, फेरीवाले, खाटीक, कापडवाले अशी शेकडो ज्यू कुटुंबे एका राजवटीच्या कागदांवर आली.

या समाजांचे स्वतःचे कागद नाझींच्या नोव्हेंबर १९३८च्या हल्ल्यांत आणि त्यानंतरच्या जप्त्यांत बहुतांश गेले. उरले ते गावच्या कचेरीचे कागद. म्हणून 'ज्यूंसंबंधी' असा शिक्का असलेली फाईल मागून थांबू नये. ठराव-वह्या, आगविम्याची रजिस्टरे, जमाखर्चाच्या पावत्या यांतच ती माणसे जास्त जिवंत सापडतात. हा सगळा प्रवास त्याच कागदांच्या मागावर आहे.

सुरुवात हाउप्टश्टाट्सआर्खीफ म्हणजे मुख्य राज्य अभिलेखागाराच्या जे ३८६ या संग्रहाने करावी. त्यात व्युर्टेमबेर्ग, बाडेन आणि होहेनत्सोलर्नमधल्या ज्यू समाजांची जन्म, विवाह, मृत्यू आणि कुटुंब रजिस्टरे आहेत. नाझी सरकारच्या वंशावळ खात्याने ती गोळा केली आणि १९४४-४५मध्ये त्यांची फिल्म काढून घेतली. हेतू छळाचा होता. कित्येक मूळ वह्या पुढे हरवल्या, आणि आज त्याच फिल्मवरून आपण वाचतो. ही जाणीव प्रत्येक पानासोबत बाळगावीच लागते.

जे ३८६ची छायाचित्रे राज्य अभिलेखागाराच्या संकेतस्थळावर मोफत आहेत, त्यामुळे ते काम घरीच उरकून यावे. आधी गावाचे नाव, मग खंड, मग चित्र क्रमांक असा शोध घ्यावा. सर्वांत आधी 'फामिलिएनबूख' उघडावे. एका कुटुंबाला एक पान असते: वर नवरा-बायको आणि दोघांचे आईवडील, खाली मुले, शेवटच्या रकान्यात शेरे. 'अमेरिकेस गेला' हा शेरा तिथेच मिळतो. जन्मनोंदीपासून सुरुवात केली तर एकाच नावाचे तीन मोझेस समोर येतात आणि गुंता होतो.

गुंत्याचे मूळ नावांच्या रीतीत आहे. २५ एप्रिल १८२८च्या कायद्याने व्युर्टेमबेर्गमध्ये ज्यूंना कायमचे आडनाव सक्तीचे झाले, आणि रजिस्टरे ठेवणे रब्बींकडे म्हणजे ज्यू धर्मगुरूंकडे आले. त्यापूर्वी बापाचे नाव हेच आडनाव असे: इझाक मोझेसचा मुलगा मोझेस इझाक. १८२८च्या अलीकडचे आणि पलीकडचे कागद जोडताना नावावर विसंबू नये. बायकोचे माहेर, घराचा क्रमांक आणि धंदा या तिन्ही गोष्टी जुळल्या तरच माणूस तोच मानावा. शिवाय धार्मिक नाव आणि रोजचे नाव वेगळे असते. येहुदा म्हणजे रोजचा ल्योब किंवा लेओपोल्ड, नफ्ताली म्हणजे हिर्श, बेन्यामिन म्हणजे वोल्फ, इसाखार म्हणजे बेअर. ही जोडी पाठ असली की दफनभूमीत फार उपयोग होतो.

वाचनालयातला वेळ स्क्रीनवर न मिळणाऱ्या गोष्टींना द्यावा: गृहखात्याच्या फायली, जहागिरींचे जुने करार. कागद काही दिवस आधी ऑनलाइन मागवून ठेवावे. आत फक्त पेन्सिल चालते. फोटोसाठी आधी परवानगी विचारावी, फ्लॅश नको. स्टुटगार्ट परिसरात नोकरी करणारे मराठी इंजिनीअर पुष्कळ आहेत. एखादी सुटी इकडे वळवायला हरकत नाही, वाचनालय सर्वांना खुले आहे.

संध्याकाळी नॉर्डबाह्नहोफजवळच्या 'त्साइखेन डेर एरिनरुंग' या स्मारकाला जावे. १ डिसेंबर १९४१ रोजी येथून सुमारे १,००० ज्यूंना लाटव्हियातल्या रीगाकडे पाठवले. त्यांत पुढच्या दिवसांत भेटणाऱ्या खेड्यांतली माणसेही होती. जुने रूळ तसेच आहेत आणि लांब भिंतीवर नावे आहेत. सकाळी रजिस्टरात वाचलेली आडनावे तिथे पुन्हा भेटतात.

मंगळवार, लुडविग्सबुर्ग आणि फ्रॉयडेंटाल

एस-बाह्न या उपनगरी रेल्वेने लुडविग्सबुर्ग. येथल्या राज्य अभिलेखागारात उत्तर व्युर्टेमबेर्गच्या 'ओबरआम्ट' म्हणजे तालुका कचेऱ्यांचे कागद आहेत, आणि राज्यातल्या ज्यू समाजांवर देखरेख ठेवणाऱ्या इस्राएलिटिश ओबरकिर्खेनबेह्योर्डेचेही. शाळेतला मास्तर हाच प्रार्थनेचा गायक, त्याचा पगार कोण देणार, इमारतीचे छप्पर कोण दुरुस्त करणार, असे रोजचे वाद या दुसऱ्या संग्रहात आहेत. गाव दक्षिण व्युर्टेमबेर्गमधले असेल तर तालुक्याचे कागद येथे नसून झिगमारिंगेनला असतात. बुटेनहाउझेन किंवा लाउपहाइमसाठी लुडविग्सबुर्गला येऊन अख्खा दिवस घालवणे ही नेहमीची चूक आहे.

लिपीची तयारी आधीच हवी. १९व्या शतकातली कुरेंट लिपी पाहून छापील जर्मन येणाराही अडतो: त्यातला 'ई' (e) आजच्या 'एन'सारखा दिसतो, आणि 'यू'वर आकडी नसेल तर तो 'एन'पासून वेगळा ओळखता येत नाही. अक्षरांचा तक्ता जवळ ठेवावा आणि आधी ज्ञात नावांवर हात बसवावा. महिन्यांतही एक सापळा आहे. '८बेर' म्हणजे ऑगस्ट नव्हे, ऑक्टोबर. '७बेर' सप्टेंबर, '९बेर' नोव्हेंबर, 'एक्सबेर' डिसेंबर. या एका खुणेमुळे दोन महिन्यांची चूक वंशावळीत वर्षानुवर्षे फिरत राहते. पैसे गुल्डेन आणि क्रॉयत्सरमध्ये, १ गुल्डेन म्हणजे ६० क्रॉयत्सर, १८७६पासून मार्क. जमीन 'मॉर्गेन'मध्ये, व्युर्टेमबेर्गचा मॉर्गेन साधारण ३,१५० चौरस मीटर.

दुपारी बसने फ्रॉयडेंटाल. १७७०चे सिनेगॉग, म्हणजे ज्यू प्रार्थनास्थळ, आज सांस्कृतिक केंद्र आहे. १९३८मध्ये आतली मोडतोड झाली, पण शेजारच्या घरांना झळ लागेल म्हणून आग लावली नाही. दाट वस्तीतली सिनेगॉग अशी वाचलेली अनेक गावांत दिसतात, म्हणून गावचा जुना नकाशा पाहणे उपयोगी. १८१८ ते १८४०च्या राज्य मोजणीत १:२५०० प्रमाणाचे शिवार-नकाशे तयार झाले. त्यांवर एकेक घर ओळखू येते. आत आगंतुकासारखे शिरू नये, आधी फोन करून यावे.

बुधवार, झिगमारिंगेन

ट्युबिंगेनमार्गे रेल्वेने झिगमारिंगेन. सकाळी लवकर निघावे, कारण प्रवासातच बराच वेळ जातो आणि वाचनालय संध्याकाळी लवकर मिटते. येथे दोन संग्रह मागवावे: व्यू ६५, म्हणजे दक्षिणेकडच्या तालुका आणि जिल्हा कचेऱ्या, आणि व्यू ३३, म्हणजे युद्धानंतरच्या नुकसानभरपाईच्या फायली.

व्यू ३३मधली एकेक फाईल म्हणजे एका माणसाचे उलटे आयुष्य. अर्जदार परदेशातून लिहितो, आणि भरपाई ठरवण्यासाठी त्याला गावातले सगळे पुन्हा मोजून दाखवावे लागते: दुकानाची उलाढाल, गोठ्यातली जनावरे, घरातले सामान, शाळा का सुटली, दात कधी पडले. १९५६च्या भरपाई कायद्यानुसार कोठडीतल्या पूर्ण महिन्याला १५० मार्क मिळत. ही रक्कम कचेरीने कशी मोजली त्याची पत्रे वाचताना मन विटते. पण गावच्या अर्थकारणाचा इतका तपशील दुसऱ्या कुठल्याही कागदात नाही. वाचताना एक पथ्य पाळावे. अर्जातले आकडे आठवणीतले असतात आणि कचेरीचे आकडे कंजूष असतात. दोन्ही गावच्या कर-नोंदींशी ताडून पाहावे.

मुदतीचे नियम येथेच नीट समजून घ्यावे. व्यक्तीविषयीची फाईल मृत्यूनंतर १० वर्षांनी खुली होते. मृत्यूची तारीख माहीत नसेल तर जन्मानंतर ९० वर्षांनी. मृत्यूची तारीख आपणच पुराव्यासह दिली तर काम लवकर होते. जन्ममृत्यू नोंदणी कचेरीचे नियम वेगळे: जन्माच्या नोंदी ११० वर्षे, विवाहाच्या ८० आणि मृत्यूच्या ३० वर्षे बंद. ही कचेरी व्युर्टेमबेर्गमध्ये १ जानेवारी १८७६ला सुरू झाली. त्याआधीचे रब्बीचे रजिस्टर, नंतरचे कचेरीचे.

याच कागदांत रेक्सिंगेन गावाचा माग लागतो. तिथल्या गुरांच्या व्यापाऱ्यांचा एक गट १९३८मध्ये मिळून पॅलेस्टाईनला गेला आणि त्यांनी शावेई त्सियोन ही सामुदायिक वसाहत उभारली. त्याआधी १९३७च्या नियमाने गुरांच्या व्यापाराचे परवाने काढून घेण्याचा मार्ग मोकळा झाला होता आणि जुलै १९३८च्या कायद्याने फिरता धंदाही बंद झाला. परवान्याच्या फायली आणि स्थलांतराच्या फायली शेजारी ठेवून तारखा पाहाव्या; कोण कशामुळे कधी निघाले ते उलगडते.

गुरुवार, म्युन्सिंगेन

डॅन्यूबच्या काठाने जाणाऱ्या रेल्वेने शेल्कलिंगेन, तिथे गाडी बदलून श्वाबेन आल्पच्या पठारावर म्युन्सिंगेन. बुटेनहाउझेन आता या नगरात विलीन आहे, म्हणून गावचे दफ्तर नगराच्या आर्काइव्हच्या ताब्यात. लहान नगरांत एकच माणूस दफ्तर सांभाळतो. दोन-तीन आठवडे आधी पत्राने विषय, वर्षे आणि आडनावे कळवावी, आणि गुरुवारच पकडावा, कारण शुक्रवारी दुपारनंतर कचेऱ्या बंद.

दफ्तराची मांडणी सर्वत्र साधारण सारखी: फायली, बांधीव वह्या आणि हिशेब असे तीन भाग. नवखे लोक फायलींतच अडकतात. खरे धन वह्यांत आणि हिशेबांत आहे.

पहिली वही ग्रामसभेच्या ठरावांची. सूची असली तरी तीवर विसंबू नये, पाने उलटावी. शब्बाथला, म्हणजे शनिवारच्या विश्रांतीच्या दिवशी, घराबाहेर वस्तू नेता यावी म्हणून रस्त्यावर ताणायच्या तारेला परवानगी, कोशर म्हणजे धर्मनियमांप्रमाणे कत्तलीसाठी जागा, नव्या शाळेला लाकूड, गावच्या रानातल्या सरपणाचा वाटा ज्यू नागरिकाला मिळणार की नाही. या शेवटच्या प्रश्नावर नीट लक्ष द्यावे. गावात राहणे वेगळे आणि गावचा हक्कदार असणे वेगळे. १८६४मध्ये कायद्याने बरोबरी पूर्ण झाली. सरपणाच्या यादीत नाव कधी आले ते पाहिले की बरोबरी गावात कधी पोचली ते कळते.

आरोग्याचे अहवालही चाळावे. १८२०-३०च्या दशकांत तालुक्याचे वैद्य ज्यूंच्या धार्मिक स्नानाची तळघरातली कुंडे तपासत फिरले; थंड, साचलेल्या पाण्याची कुंडे बंद करून गरम पाण्याची सोय असलेली नवी बांधण्याचे हुकूम निघाले. खोली, पायऱ्या, पाणी कुठून येते हे सगळे त्या तपासणीत आहे. इमारत पडली तरी वर्णन उरते.

दुसरा गठ्ठा 'इन्व्हेंटुरेन उंड टायलुंगेन', म्हणजे लग्नाच्या आणि मृत्यूच्या वेळी केलेली जिंदगीची यादी. व्युर्टेमबेर्गच्या कागदांतले हे सर्वांत मोलाचे. क्रम ठरलेला असतो: स्थावर, रोकड, चांदी, कपडे, अंथरूण, कापड, मग पितळ, तांबे, कथील आणि लोखंड अशी धातूवार भांडी, लाकडी सामान, जनावरे, शेवटी येणे आणि देणे. गुरांच्या व्यापाऱ्याच्या यादीत 'येणे' हा भाग पानोपान चालतो: शेतकऱ्याचे नाव, गाव, गाईचे किती बाकी. ही गावे नकाशावर मांडली की त्याचा बाजाराचा फेरा उभा राहतो, आणि शेतकरी-व्यापारी या नात्यातला उधारीचा विश्वासही दिसतो. धार्मिक पुस्तके आणि शब्बाथचा दिवा हे कधी 'पुस्तके'खाली, कधी 'पितळ'खाली येते, म्हणून पूर्ण यादी वाचावी.

तिसरे, घर शोधणे. 'ग्युटरबूख' हा आपल्या सातबाऱ्याचा भाऊबंद. 'काउफबूख' म्हणजे खरेदीखते. 'उंटरफांड्सबूख' गहाणाचे. १७७३पासूनच्या सक्तीच्या आगविम्यात घराचा क्रमांक, बांधणी आणि किंमत मिळते. आधी विम्यावरून घर पकडावे, मग ग्युटरबूखात मालकांची साखळी लावावी, शेवटी शिवार-नकाशावर ठेवावे. उलट क्रमाने गेले तर घराचे क्रमांक दगा देतात. जुने क्रमांक गावभर सलग होते, मधे बदलले आणि पुढे रस्त्यांची नावे आली. जुना-नवा क्रमांक जोडणारी यादी स्वतः करावी लागते, आणि अर्ध्या घराचे मालक दोन असू शकतात हे विसरू नये: वरचा मजला एकाचा, खालचा दुसऱ्याचा, गोठा सामाईक.

१९३३नंतरच्या कागदांसाठी मन घट्ट हवे. १ जानेवारी १९३९पासून ज्यू पुरुषांना 'इस्राएल' आणि स्त्रियांना 'झारा' हे जादा नाव सक्तीचे झाले. गावच्या नोंदणी अधिकाऱ्याने जुन्या जन्मनोंदीच्या समासात ते लिहिले, आणि युद्धानंतर तिथेच ते रद्द केल्याचा शेरा मारला. उतारा मागताना समासासह पूर्ण पानाची प्रत मागावी. टंकलेखित उताऱ्यात समास गळतो. नोव्हेंबर १९४१च्या नियमाने हद्दपार झालेल्यांची मालमत्ता सरकारजमा झाली. मागे राहिलेले सामान करखात्याने गावोगाव लिलावात विकले, आणि जिथे याद्या टिकल्या तिथे वस्तू, किंमत आणि घेणाऱ्याचे नाव आहे. घेणारे शेजारीच होते. ही नावे छापताना घाई करू नये, पण लपवूही नये.

शुक्रवार, बुटेनहाउझेन

बस मोजक्या आहेत; परतीची वेळ आधी टिपून घ्यावी. ग्रोसे लाउटर नदीच्या खोऱ्यातले हे गाव. १७८७मध्ये जहागीरदार फिलिप फ्रीडरिश फोन लीबेनश्टाइन याने २५ ज्यू कुटुंबांना वसण्याचे शुट्सब्रीफ दिले. पुढच्या शतकात गावाची जवळजवळ निम्मी वस्ती ज्यू झाली. म्युनिकचे प्रसिद्ध कलावस्तू-व्यापारी लेहमान बेर्नहाइमर याच गावचे. त्यांच्या देणगीतून झालेली शाळेची इमारत उभी आहे आणि तीत ज्यू इतिहासाचे प्रदर्शन आहे. १९१८च्या युद्धबंदीवर सही करणारे माटियास एर्त्सबेर्गर याच गावात १८७५मध्ये जन्मले. त्यांचे जन्मघरही पाहता येते. दोन्हींच्या वेळा मर्यादित, म्हणून नगर कचेरीशी आधी बोलून ठेवावे.

सिनेगॉग नाही. नोव्हेंबर १९३८मध्ये लावलेली पहिली आग गावच्याच बंबवाल्यांनी विझवली, मग एस.ए. या नाझी दलाचे लोक पुन्हा आले आणि इमारत जाळली. जागेवर स्मृतिशिळा आहे.

दफनभूमी गावावरच्या उतारावर. शनिवारी ज्यू दफनभूमीत जायचे नसते, म्हणून शुक्रवारी सूर्यास्ताच्या बऱ्याच आधी काम संपवावे. पुरुषांनी डोके झाकावे, टोपी चालते. दगडावर खडू, पीठ, साबण, ब्रश काही लावू नये. मऊ वालुकाश्म पापुद्रे सोडतो. अक्षर दिसण्यासाठी सूर्य तिरपा असताना फोटो घ्यावा, नाहीतर आरशाने बाजूने उजेड पाडावा. आधी पूर्ण दगड, मग ओळी, मग पाठ. पाठीवर जर्मन मजकूर असतो. या परिसरातल्या वाल्टर ओट यांनी कित्येक वर्षे हे दगड सावरले आणि नोंदी जमवल्या. ज्यू थडगी कायमची असतात, जागा पुन्हा वापरत नाहीत, म्हणूनच अठराव्या-एकोणिसाव्या शतकातली रांग अजून वाचता येते.

वर 'पे-नून' ही दोन अक्षरे, 'येथे पुरले आहे'. शेवटी पाच अक्षरे: ताव, नून, त्सादी, बेत, हे, 'त्याचा आत्मा जीवनाच्या गाठोड्यात बांधला जावो'. पसरलेले दोन हात म्हणजे कोहेन, पुरोहितांचे घराणे; पाण्याचा तांब्या म्हणजे लेवी, त्यांच्या सेवेकऱ्यांचे. कोकणातल्या बेने इस्राएलांच्या थडग्यांवर हिब्रूसोबत मराठी असते, येथे जर्मन. हिब्रू संक्षेप मात्र तेच.

साल काढायची रीत: हजार वगळून अक्षरांची बेरीज करावी आणि १२४० मिळवावे. ताव ४००, कोफ १००, त्सादी ९०, हेत ८, एकूण ५९८. अधिक १२४० म्हणजे १८३८. पण ज्यू वर्ष शरदात सुरू होते, तेव्हा तिश्री ते साधारण तेवेत या महिन्यांतला मृत्यू असेल तर एक वजा, १८३७. दिवसही सूर्यास्ताला बदलतो. संध्याकाळी गेलेल्या माणसाची दगडावरची तारीख आणि रजिस्टरातली तारीख यांत एक दिवसाचा फरक येतो. ती चूक नव्हे, तो मृत्यूच्या वेळेचा पुरावा आहे.

शनिवार, लाउपहाइम

उल्ममार्गे लाउपहाइम वेस्ट, तिथून नगरात जाणारी छोटी गाडी. आज दफनभूमी नाही. ग्रोसलाउपहाइम वाड्यातले ख्रिस्ती-ज्यू इतिहासाचे संग्रहालय पाहावे. दुपारच्या वेळा तपासून यावे. १९व्या शतकाच्या मध्यानंतर ही व्युर्टेमबेर्गमधली सर्वांत मोठी ज्यू वस्ती होती. युनिव्हर्सल स्टुडिओचे संस्थापक कार्ल लेम्ले येथे १८६७मध्ये जन्मले आणि १८८४मध्ये अमेरिकेला गेले. गावाने त्यांच्या नावाचा रस्ता केला, नाझी राजवटीत ते नाव पुसले. लेम्लेंनी मात्र ३००हून अधिक लोकांना अमेरिकेच्या व्हिसासाठी हमीपत्रे दिली. एखादे कुटुंब १९३६-३८मध्ये न्यूयॉर्कला कसे पोचले हे गावच्या कागदांत लागत नसेल, तर हमीदार कोण होता हे विचारावे.

रविवार, बाड बुखाउ

रेल्वेने बाड शुस्सेनरीड, पुढे बस. रविवारी बस कमी. येथल्या १८३९च्या सिनेगॉगला घंटा होती, ज्यू प्रार्थनास्थळात फारच दुर्मीळ गोष्ट. १९३८मध्ये इमारत जाळली. अल्बर्ट आइनस्टाइन यांचे वडील हेर्मान १८४७मध्ये याच गावात जन्मले. जे ३८६मधले बुखाउचे कुटुंब रजिस्टर घरूनच उतरवून आणावे, कारण दफनभूमीत आइनस्टाइन आडनावाचे दगड इतके आहेत की नुसत्या नावाने काहीच ठरत नाही. बापाचे हिब्रू नाव आणि बायकोचे माहेर लागतेच. थेरेझिएनश्टाटच्या नाझी छावणीतून जिवंत परतून पुन्हा याच गावात राहिलेले झीगबेर्ट आइनस्टाइनही येथेच पुरलेले आहेत.

फोटोंची नावे त्याच संध्याकाळी द्यावी: अभिलेखागार, संग्रह, फाईल, पान या क्रमाने, दगडासाठी गाव, रांग, क्रमांक. क्रमांक नसलेला फोटो महिन्याभरात निरुपयोगी होतो. वाचून काढलेल्या मजकुराची एक प्रत म्युन्सिंगेन आणि बुखाउच्या नगर-दफ्तरांना पाठवावी, शंकास्थळी प्रश्नचिन्ह ठेवून. तिथली माणसे स्थानिक नावे ओळखतात आणि दुरुस्ती कळवतात.